क्लेओस: कीर्ती, यश की नुसतीच खबर?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यातले काही उतारे मराठीत आणताना त्यातला वीर अकिलीस याच्या तोंडच्या ‘क्लेओस आफ्थितोन’ या दोन शब्दांपाशी ते अडले. आधीच्या एका मसुद्यात त्यांनी ‘अमर यश’ असं केलं होतं, मग ‘अक्षय कीर्ती’ केलं, आणि आता विचारतात की यातलं बरोबर कोणतं. शिवाय या शब्दांचं वैदिक संस्कृतशी नातं आहे असं ऐकलं, ते खरं का?

‘यश’ काढून टाकावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संस्कृतात यशस् म्हणजे प्रसिद्धी, मोठेपणा. आजच्या मराठीत मात्र यश म्हणजे हाती घेतलेलं काम तडीस जाणं. परीक्षेत यश येतं, निवडणुकीत अपयश येतं. शिवरायांचं वर्णन करताना रामदासांनी ‘यशवंत, कीर्तिवंत’ असे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत, म्हणजे ती दोन वेगळी माणकं आहेत हे त्यांच्या कानाला जाणवत असणार. अकिलीसच्या वाट्याला आपल्या अर्थाचं यश येतच नाही. ट्रॉय पडतं ते त्याच्या मरणानंतर, आणि तेही लाकडी घोड्याच्या युक्तीनं. त्याला ‘अमर यश’ मिळालं असं लिहिलं की वाचक भलतंच समजेल.

मग कीर्ती. ज्या जागेबद्दल विचारलं आहे तिथे हाच शब्द घ्यावा, पण त्याआधी क्लेओस म्हणजे मुळात काय ते पाहू. हा शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. क्लेओस म्हणजे जे कानावर येतं ते. म्हणून होमरमध्ये तो काही ठिकाणी अगदी साध्या, रोजच्या अर्थानं येतो. त्याच्याच ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या सोळाव्या सर्गात डुकरं राखणारा युमेअस शहरात निरोप देऊन झोपडीत परततो, आणि काव्याचा नायक ओडिसिअस याचा मुलगा तेलेमाखस त्याला पहिलाच प्रश्न विचारतो की शहरात काय क्लेओस आहे? इथे ‘शहरात काय कीर्ती आहे’ लिहून पाहा. वाक्य मरून जातं. ‘आलास? गावात काय खबर?’ एवढंच त्याला म्हणायचं आहे.

याहून मोलाची जागा इलियडच्या दुसऱ्या सर्गात आहे. जहाजांची लांबलचक यादी सुरू करण्याआधी कवी थांबतो आणि वाग्देवींना हाक मारतो. म्हणतो, तुम्ही देवी आहात, सगळीकडे हजर असता, सगळं जाणता. आम्ही मात्र नुसतं क्लेओस ऐकतो, आम्हांला ठाऊक काहीच नसतं. म्हणजे ज्या शब्दासाठी अकिलीस प्राण द्यायला तयार होतो, तोच शब्द इथे ‘ऐकीव गोष्ट’ या अर्थानं, जवळजवळ उणेपणानं आला आहे. मला ही ओळ फार मोठी वाटते. वीराची अक्षय कीर्ती आणि कवीच्या कानावर आलेली ऐकीव माहिती ही एकच वस्तू आहे, हे होमर एका शब्दात सांगून जातो. अनुवादात मी इथे ‘आमच्या कानी येतं ते ऐकीव, ठाऊक काहीच नाही’ असं करीन.

आता संस्कृतचं नातं. हो, ते खरं आहे. क्लेओस आणि वैदिक ‘श्रवस्’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज. ग्रीकमधल्या क-च्या जागी संस्कृतात कित्येकदा श येतो. ग्रीकात दहाला देका म्हणतात, संस्कृतात दश. ग्रीक ल-च्या जागी र येतो. लेउकोस म्हणजे पांढरा, चमकदार, आणि आपल्याकडे त्याच मुळाचा रुच्, म्हणजे चमकणे. श्रवण, श्रोता, श्रुती, विश्रुत ही सगळी क्लेओसची मराठीत नांदणारी भावंडं.

‘आफ्थितोन’ची गोष्ट तर कॅलेंडरवर छापलेली आहे. त्यातला आ हा नकार, आणि फ्थि म्हणजे संस्कृतातला क्षि, झिजणे. आफ्थितोन म्हणजे अक्षित, न झिजणारं. अक्षय्य तृतीयेतला अक्षय्य तो हाच. ओडिसीत सरत्या महिन्यालाही हाच धातू लावला आहे. तो महिना चांद्रमास, चंद्राबरोबर झिजणारा. आपणही कृष्णपक्षात चंद्राचा क्षय होतो असंच म्हणतो.

आडाल्बर्ट कून या जर्मन अभ्यासकानं १८५३ साली हे दोन शब्दप्रयोग शेजारी मांडून दाखवले. ऋग्वेदात, पहिल्या मंडलाच्या नवव्या सूक्तात, इंद्राकडे मागणं आहे: ‘सं गोमदिन्द्र वाजवदस्मे पृथु श्रवो बृहत् । विश्वायुर्धेह्यक्षितम् ॥’ श्रवः आणि अक्षितम्, दोन्ही आहेत. त्याच ऋचेत ‘पृथु श्रवः’ म्हणजे विस्तीर्ण कीर्तीही आहे, आणि ओडिसीत बापाच्या शोधात निघालेला तेलेमाखस म्हातार्‍या नेस्टरला सांगतो की मी माझ्या वडिलांच्या ‘विस्तीर्ण क्लेओस’च्या मागावर आलो आहे, कुठे काही कानावर पडतं का पाहायला. ग्रीकांचे आणि वैदिक ऋषींचे पूर्वज वेगळे होण्याआधी हा शब्दप्रयोग कवींच्या तोंडी होता, असा निष्कर्ष यावरून काढला गेला.

यावर वादही झाला आहे, आणि तो अनुवादकाच्या उपयोगाचा आहे. मार्गालित फिंकेलबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवलं की ही जोडी होमरमध्ये एकदाच येते, आणि तिथेही ‘अक्षय कीर्ती’ असा बांधीव शब्दप्रयोग नसून ‘कीर्ती अक्षय होईल’ असं विधान आहे. त्याआधी, १९८० मध्ये, एडविन फ्लॉइड यांनी अर्थातला फरक पुढे आणला. ऋषी इंद्राकडे श्रवस् मागतो ते गाईंसकट, बळासकट, पूर्ण आयुष्यासकट. जगतानाच भोगायची ती संपदा आहे. अकिलीसचं नेमकं उलटं आहे. नवव्या सर्गात तो म्हणतो, इथे राहून लढलो तर घरी परतणं गेलं, पण कीर्ती अक्षय होईल. घरी गेलो तर कीर्ती गेली, पण आयुष्य लांबेल. शब्द तेच राहिले आणि किंमत बदलली. दोन भाषांतले शब्द सख्खे निघाले की अर्थही एकच असणार असं आपण घाईनं धरून चालतो, त्या सवयीला हे उदाहरण समोर ठेवावं.

म्हणून या ओळीसाठी माझी सूचना: ‘परतीची वाट बुडेल, पण कीर्ती झिजणार नाही.’ फिंकेलबर्ग यांचा मुद्दा पटला नाही तरी मराठीत क्रियापद जास्त जिवंत वाटतं.

आणि कीर्ती हा शब्द इथे का शोभतो? क्लेओस ऐकण्यातून आलं, कीर्ती सांगण्यातून. कीर्त् म्हणजे नाव घेणे, गाणे; कीर्तन त्याच घरातलं. एकाच घटनेची ही दोन टोकं आहेत, गाणारा आणि ऐकणारा. अट एकच: ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ हे मनात आलं की त्याच्याबरोबर मनाच्या श्लोकातलं चंदनासारखं झिजणंही येतं, सत्कृत्य येतं. अकिलीसच्या क्लेओसमध्ये सत्कृत्याची अट नाही. त्याला कवी हवा, एवढंच. नवव्या सर्गातच त्याचं मन वळवायला आलेली मंडळी तंबूत शिरतात तेव्हा तो चांदीच्या आडव्या पट्टीचं, लुटीत मिळालेलं तंतुवाद्य छेडत ‘क्लेआ आन्द्रोन’ गात बसलेला असतो, आणि समोर पात्रोक्लोस गप्प बसून तो कधी थांबतो याची वाट पाहत असतो. क्लेआ हे क्लेओसचं अनेकवचन, म्हणजे वीरांच्या कीर्ती, अर्थात त्यांची गाणी. इथे ‘पोवाडे’ लिहायला मी कचरणार नाही. समोर बसलेल्या मित्राच्या नावातही तोच शब्द आहे: पात्रोक्लोस म्हणजे बापाची कीर्ती. हेच दोन तुकडे उलटे जोडले की क्लेओपात्रा होते, आणि त्या नावाची एक बाई याच सर्गात फिनिक्स सांगतो त्या गोष्टीत आहे. फिनिक्स म्हणजे अकिलीसला लहानाचं मोठं करणारा म्हातारा.

जाता जाता लॅटिनबद्दल, कारण प्रश्नात ईनिडचाही, म्हणजे व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्याचाही, उल्लेख होता. ओडिसिअस स्वतःची ओळख देताना माझं क्लेओस आकाशाला पोचतं असं म्हणतो. व्हर्जिलचा नायक ईनिअस जवळजवळ तेच म्हणतो, पण त्याचा शब्द ‘फामा’ आहे. फामा ‘बोलणे’ या धातूपासून आलेली. भाषाशास्त्रज्ञ हा धातू संस्कृत भण्-शी जोडतात, आणि भण्-पासूनच आपलं ‘म्हणणे’ आलं. चौथ्या सर्गात, ईनिअस आणि राणी डिडो यांचं प्रेम जुळतं तेव्हा, व्हर्जिल फामेला राक्षसीण करून उभी करतो. पाय जमिनीवर, डोकं ढगात, जितकी पिसं तितके डोळे, तितक्या जिभा, तितके कान. रात्री झोपत नाही, खरं-खोटं एकत्र करून गावोगाव सांगत सुटते. तिला ‘कीर्ती’ म्हणता येणार नाही, ‘आवई’ जवळ जातं. पण तिचे जे बोल व्हर्जिलनं दिले आहेत ते सगळे परोक्ष कथनात आहेत, आणि त्यासाठी मराठीजवळ तिच्याच मुळाचा शब्द तयार आहे: ‘ट्रॉयच्या रक्ताचा कुणी ईनिअस आलाय म्हणे. देखण्या डिडोनं त्याला आपलं केलंय म्हणे. राज्य विसरून दोघं सगळा हिवाळा ऐषारामात काढताहेत म्हणे.’