मांजर, परजीवी आणि मेंदूतली गाठ

प्रश्न : आमच्याकडे दोन मांजरं आहेत. मांजरांमुळे ब्रेन ट्यूमर होतो, असं धाकट्या जावेनं कुठंतरी वाचलं. तेव्हापासून सासूबाई 'सोडून या कुठंतरी' म्हणून मागं लागल्यात. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा आणि मांजरं घरातच राहू द्या. जावेनं वाचलं ते अगदीच हवेतलं नाही. 'टॉक्सोप्लाझ्मा गोंडी' हा मांजराच्या विष्ठेतून पसरणारा परजीवी माणसाच्या मेंदूत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतो. अमेरिका आणि नॉर्वेतले साठवलेले रक्तनमुने तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ग्लायोमा (मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार) झालेल्यांच्या रक्तात या परजीवीविरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, अधिक सापडल्या. पण त्यावरून परजीवीनंच गाठ केली असं ठरत नाही, हे संशोधकांनीही बजावलंय. ग्लायोमा मुळातच दुर्मीळ, आणि हा संसर्ग जगात कोट्यवधींना. शिवाय अर्धंकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर यांतूनही तो होतो. त्यांना मात्र कुणी घराबाहेर काढत नाही!

मांजराची वाळू रोज बदला. ताज्या विष्ठेतला परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला हे काम नको. नसेल, तर जावेला द्या.