पाचवीतील निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर शिक्षकाने काय करावे?

जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झाल्यावर पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नसल्याचे आढळले, तेव्हा अभ्यासक्रम पुढे न्यावा की मागे जावे, आणि संशोधन काय सांगते, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या मते रोज एक तास तरी इयत्ता बाजूला ठेवून मुलांना त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार शिकवावे.

आपला वर्ग अपवादात्मक नाही. मुलांना वाचन आणि गणित किती येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात देशभरातील पाचवीची ४८.८ टक्केच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. यावर सर्वाधिक तपासला गेलेला उपाय म्हणजे प्रत्येक मुलाकडून तोंडी वाचून घेऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा टप्प्यांनुसार गट करणे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या या पद्धतीचा परिणाम अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अनेक राज्यांत मोजला. त्यातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष प्रशिक्षणांत क्वचितच सांगितला जातो. बिहारमध्ये शिक्षकांना केवळ प्रशिक्षण आणि साहित्य दिले, तेव्हा फारसा फरक पडला नाही. हरियाणात मात्र शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी स्वतंत्र तास राखला, मुलांचे इयत्ता मोडून गट केले आणि वर्गात येऊन मदत करणारी देखरेख ठेवली, तेव्हा त्याच सरकारी शिक्षकांच्या हातून मुलांचे वाचन सुधारले. म्हणून नवे साहित्य मागण्याआधी मुख्याध्यापकांकडून हा तास मागून घ्या, आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम त्या तासात येऊ देऊ नका. द्विशिक्षकी शाळेत हे उलट सोपे जाते, कारण तिथे इयत्ता आधीच एकत्र बसलेल्या असतात.

गणिताबाबत थोडे सावध राहावे. याच अभ्यासकांनी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणारी मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी अचूक करत होती, पण पुस्तकी पद्धतीच्या उदाहरणांत अडखळत होती. आपल्याकडेही आठवडी बाजारात आई-वडिलांसोबत भाजी विकणारे मूल वर्गात भागाकाराला अडले, तर त्याला गणितच येत नाही, असे ठरवण्याआधी त्याला बाजारातला हिशेब तोंडी विचारून पाहावा आणि त्याने सांगितलेली रीत फळ्यावर मांडावी.

मराठवाड्याची खरी अडचण मात्र ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराची आहे. दिवाळीच्या सुमारास पालक कारखान्यांकडे निघाले की काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. जूनमध्ये केलेले गट तोवर निरुपयोगी ठरलेले असतात. त्यामुळे तोंडी चाचणी वर्षातून एकदा घेऊन भागत नाही. मुले जाताना आणि परतल्यावर ती पुन्हा घ्यावी लागते. जाणाऱ्या मुलाच्या शिक्षण हमी कार्डावर (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण चालू ठेवता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड) त्याचा वाचनाचा टप्पा स्पष्ट लिहून द्यावा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतील शिक्षकाला त्याला केवळ वयावरून पाचवीच्या पुस्तकापुढे बसवावे लागणार नाही.