छोट्या ट्रॅक्टरला बॅकहो जोडावा का?

प्रश्न : माझ्याकडे २८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. द्राक्षबागेत पाइपलाइनचे चर खणण्यासाठी बाहेरून घेतलेला बॅकहो (मागे बसवायचा खोदणारा यांत्रिक हात) थ्री-पॉइंट लिंकेजवर (ट्रॅक्टरमागील अवजारे जोडण्याची तीन बिंदूंची जोडणी) बसवता येईल का? – एक वाचक, निफाड

उत्तर : केवळ लिंकेजच्या आधारे बसवू नये. लिंकेजची रचना अवजार उचलण्यासाठी व ओढण्यासाठी असते. बकेट जमिनीत दाबताना निर्माण होणाऱ्या उलट जोराने संपूर्ण बॅकहो वर उचलला जाऊन चालक बॅकहो व ट्रॅक्टर यांच्यामध्ये चिरडला जाण्याचा धोका असतो. हा जोर ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर विभागणारी, मागील ॲक्सलपासून पुढपर्यंत जाणारी सबफ्रेम (आधाराची जोडचौकट) आवश्यक आहे, अन्यथा गिअरबॉक्सचे बिडाचे कवच तडकू शकते, आणि ती दुरुस्ती बॅकहोने वाचवलेल्या मजुरीपेक्षा महाग पडेल. ट्रॅक्टरचा मूळ हायड्रॉलिक पंप बहुधा अपुरा ठरतो. त्यामुळे पीटीओवर (इंजिनच्या शक्तीने फिरणारा ट्रॅक्टरचा मागील दांडा) चालणारा पंप आणि तेलाची स्वतंत्र टाकी असलेला संच निवडावा. पुढे वजने लावावीत, तसेच खणताना दोन्ही स्टॅबिलायझर (बॅकहोचे आधारपाय) घट्ट जमिनीवर टेकवावेत. खरेदीपूर्वी वॉरंटीबाबत उत्पादकाचे लेखी उत्तर घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला येथे किंमत नाही. काम केवळ एका हंगामाचे असल्यास छोटे खोदयंत्र भाड्याने घेणेच आम्हास अधिक सयुक्तिक वाटते.