लॅझेन्बीला एकच बाँडपट मिळाला, तरी त्या पिक्चरचे एवढे चाहते का?

तुम्ही विचारलंय की शॉन कॉनरी आणि रॉजर मूरचे बरेचसे बाँड बघून झालेत, आता 1969 चा 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' बघावा का, लोक त्याला एवढं डोक्यावर का घेतात, त्याच्याआधीचे सगळे बघून झालेले असायला हवेत का, आणि "तो मॉडेल" सहन होतो का. शेवटचा शब्द वाचून माझं डोकं सटकलं, खरं सांगते. यात बाँड झालेल्या जॉर्ज लॅझेन्बीला मॉडेल म्हणून उडवून लावणं मी घरात पंचवीसेक वर्षं ऐकतेय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि त्यात शेवटही सांगणार आहे. ज्यांनी पिक्चर बघितला नाही त्यांनी इथेच थांबा, आधी बघून या.

आमच्या घरात बाँडचं वेड मूळचं दादाचं. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. टीव्हीवर बाँडपट लागणार असला की आधीपासून कोरी कॅसेट तयार, व्हीसीआरसमोर मांडी घालून बसायचा आणि रेकॉर्डिंग चालू असताना कुणी रिमोटला हात लावायचा नाही. कॉनरीच्या कॅसेट कपाटात पुढे, त्यामागे मूरच्या, आणि सगळ्यात मागे ही एक, जिच्यावर त्याने नाव लिहायचेही कष्ट घेतले नव्हते. "ही तुला घे, मला नको," म्हणाला. मी दहा वर्षांची होते. दादाने स्वतःहून दिलेली पहिली वस्तू, मग काय, पारायणं सुरू झाली.

कॅसेट तीन तासांची होती. पिक्चर 142 मिनिटांचा, बाँडपटांमध्ये इतका लांब पिक्चर त्यानंतर थेट 2006 मध्ये आला, आणि वर टीव्हीच्या जाहिराती, म्हणजे टेप पुरणार नव्हतीच. माझ्या कॅसेटमध्ये बाँड आणि नायिका ट्रेसीचं लग्न होतं, बाँडच्या ऑफिसातली सेक्रेटरी मनीपेनी रडते, बाँड तिच्याकडे हॅट फेकतो, फुलांनी मढवलेली अ‍ॅस्टन मार्टिन निघते आणि मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी दादाला विचारलं, संपला का रे? तो म्हणाला, हो, संपला. मी विश्वास ठेवला. पुढची नऊ-दहा वर्षं माझ्यासाठी हा पिक्चर लग्नावर संपत होता.

आणि मला तो आवडायचा तो लग्नासाठी नाही, हे इथे लिहून ठेवते कारण दादा आजही तसंच म्हणतो की मुलींना लग्नाचे पिक्चर आवडतात. मला आवडायचा तो स्केटिंगचा सीन. बाँड खलनायक ब्लोफेल्डच्या डोंगरावरून कसाबसा सुटून खाली गावात आलाय, ख्रिसमसची गर्दी, गाणी, दिवे, मागावर माणसं. पांढऱ्या अस्वलाच्या वेशातला एकजण अचानक समोर येऊन फोटो काढतो तर बाँड दचकतो. बाँड दचकतो! मग तो बर्फाच्या रिंगणाकडेला कोटाची कॉलर वर करून, मान खाली घालून बसतो. आता काहीच सुचत नाही, दमलाय, घाबरलाय. त्याच्यासमोर स्केट्स घातलेले दोन पाय येऊन थांबतात, तो हळूच वर बघतो तर ट्रेसी. दहा वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार, पण मला एवढं नक्की कळलं होतं की हा माणूस घाबरू शकतो आणि त्याला सोडवायला आलेली बाई त्याच्यापेक्षा शांत आहे. पुढे गाडी तीच चालवते, बर्फावरच्या रेसमध्ये गाडी घुसवते तीही तीच, तो नुसता शेजारी बसलेला असतो. दुसऱ्या कुठल्या बाँडला असं बसलेलं बघितलंय तुम्ही?

दादाशी भांडण यावरूनच. मी म्हणायचे हाच खरा बाँड, तो म्हणायचा त्याला अ‍ॅक्टिंग येत नाही, कपडे घालून उभा राहतो फक्त, कॉनरीने केला असता तर हा सगळ्यात भारी बाँडपट झाला असता. हे वाक्य तुम्ही इतर ठिकाणीही वाचलं असेल, अगदी चाहतेसुद्धा म्हणतात की पिक्चर उत्तम, फक्त हिरो चुकला. मला ते पटत नव्हतं पण उत्तरही देता यायचं नाही, कारण माझ्या कॅसेटमध्ये त्याचा सगळ्यात मोठा सीनच नव्हता.

तो मी कॉलेजात असताना बघितला. मैत्रिणीच्या रूमवर तिच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडी, मीच हट्टाने लावायला लावली होती, मधे मधे सगळ्यांना सांगत होते आता बघा हे होणार, आता ते. लग्न झालं, गाडी निघाली, मी उठून डिस्क काढायला गेले आणि पिक्चर पुढे चालूच. बाँड गाडी कडेला घेतो, फुलं काढायला खाली उतरतो. मला हे माहीतच नाही. मागून मर्सिडीज येते, ब्लोफेल्ड चालवतोय, त्याची साथीदार इर्मा बंट गोळ्या झाडते. तो उठून आत बसतो, अजून पाठलागाच्याच भाषेत बोलतोय, आणि शेजारी बघतो. नंतर मोटरसायकलवरचा पोलीस येऊन थांबतो आणि हा त्याला सांगत राहतो की काही नाही, ती जरा विश्रांती घेतेय, घाई काय आहे. मैत्रिणी गप्प. मी कॉम्प्युटरशेजारी तशीच उभी, बसायचं सुचलं नाही. ज्या बाईला मी दहा वर्षं जिवंत समजत होते ती माझ्या डोळ्यादेखत गेली.

त्याच रात्री दादाला फोन केला, म्हटलं तू मला खोटं का सांगितलंस? तर म्हणाला, तू लहान होतीस. मग थोडं थांबून, "आणि त्यात काय एवढं, कॉनरीने केला असता तर सीन उठला असता." मी फोन ठेवला.

त्या वाक्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, ते आता देते. कॉनरी मोठाच, त्याबद्दल वाद नाही, पण कॉनरीचा बाँड हा सीन करूच शकला नसता. पाच पिक्चरमध्ये त्याने असा माणूस उभा केला होता की ज्याला काही लागत नाही, बाई मेली तरी पुढच्या सीनला तो टाय नीट करतो. त्याने ट्रेसीचं डोकं मांडीवर घेतलं असतं तर आपण कॉनरी कसा दुःखी दिसतोय ते बघत बसलो असतो. लॅझेन्बीची पाटी कोरी होती. ऑस्ट्रेलियात गाड्या विकणारा, लंडनला येऊन जाहिरातींमध्ये काम करणारा 29 वर्षांचा पोरगा, कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले, कॉनरीच्या शिंप्याकडे पडून राहिलेला सूट मिळवला आणि भूमिका मागायला गेला. अ‍ॅक्टिंगचा अनुभव आहे म्हणून थाप मारली. नंतर डिरेक्टर पीटर हंटकडे कबूल केलं की मी आयुष्यात कधी अ‍ॅक्टिंग केलेली नाही, तर तो म्हणे हसायलाच लागला, की प्रोड्युसरांना गंडवलंस म्हणजे तू अ‍ॅक्टरच आहेस. हा किस्सा लॅझेन्बीच सांगतो. स्क्रीन टेस्टच्या मारामारीत त्याने समोरच्या पैलवानाचं नाक खरोखर फोडलं, तोच पैलवान युरी बोरिएन्को मग पिक्चरमध्ये ब्लोफेल्डचा उजवा हात झाला.

आणि शेवटच्या सीनमध्ये तो खरोखर रडला होता. हंटने सांगितलं की पुन्हा घे, बाँड रडत नाही. पडद्यावर आहे तो कोरड्या डोळ्यांचा टेक. अ‍ॅक्टिंग येत नाही म्हणणाऱ्यांनी तो टेक बघावा, आवाज किती हळू ठेवलाय ते ऐकावं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर त्या अर्धवट कॅसेटबद्दलचा राग गेला. हंटने आधी पिक्चर लग्नावरच संपवायचं ठरवलं होतं, गाडी निघते आणि बस. ट्रेसीचा मृत्यू पुढच्या बाँडपटाच्या सुरुवातीला येणार होता. पण लॅझेन्बीने मधेच जाहीर केलं की मी पुढे बाँड करणार नाही (सात पिक्चरचं कॉन्ट्रॅक्ट समोर होतं, पण रोनन ओ'रॅहिली नावाच्या सल्लागाराने डोक्यात भरवलं की हिप्पींच्या जमान्यात हे हेर वगैरे जुनं झालं) आणि मग शेवट याच पिक्चरला जोडला. म्हणजे तो सोडून गेला म्हणून हा शेवट आपल्याला मिळाला. आणि माझी टेप संपली बरोबर तिथे, जिथे आधी पिक्चरच संपणार होता.

बाकी चाहते का आहेत, तर कारणं भरपूर. हंट हा आधीच्या बाँडपटांचा एडिटर, त्यामुळे मारामाऱ्यांचे कट आजही अंगावर येतात. कॅमेरामन विली बोग्नर हातात कॅमेरा धरून उलटा स्कीइंग करत शूट करायचा. डोंगरावरचा अड्डा म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या शिल्टहॉर्न शिखरावरचं 2970 मीटरवरचं फिरतं रेस्टॉरंट, ते तेव्हा अर्धवट होतं, शूटिंगच्या बदल्यात आतलं काम आणि हेलिपॅड पुरं करायला प्रॉडक्शनने पैसे घातले, आजही लोक बघायला जातात. गॅजेट्स जवळपास नाहीत, केबल कारच्या यंत्रघरातून सुटताना बाँड पँटचे खिसे फाडून हातमोज्यासारखे वापरतो. जॉन बॅरीचं म्युझिक बाँडमधलं सर्वोत्तम आहे, आणि हॅल डेव्हिडच्या शब्दांचं 'वी हॅव ऑल द टाइम इन द वर्ल्ड' हे प्रेमगाणं लुई आर्मस्ट्राँगने गायलं तेव्हा तो इतका आजारी होता की ट्रम्पेट दुसऱ्याने वाजवली. दोन वर्षांत तो गेला. 2021 च्या बाँडमध्ये हेच गाणं पुन्हा घेतलंय. ख्रिस्तोफर नोलनचा हा आवडता बाँडपट. आणि ट्रेसी झालेली डायना रिग. तिच्याशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं, ब्लोफेल्डला कविता ऐकवत गुंतवून ठेवते आणि मग स्वतः मारामारी करते, 1969 मध्ये.

तुमचा क्रमाचा प्रश्न राहिलाच. कॉनरीचे सगळे बघायची गरज नाही, दोन-तीन बघितलेत तेवढे पुरे. उलट 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' अगदी आदल्या दिवशी बघू नका, कारण त्यात बाँड आणि ब्लोफेल्ड समोरासमोर आलेत आणि इथे ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही, याचं काहीही स्पष्टीकरण पिक्चरमध्ये नाही. हा बघून झाला की मूरचा 1981 चा 'फॉर युवर आइज ओन्ली' पुन्हा लावा, तो ट्रेसीच्या थडग्यापासून सुरू होतो, ते आता वेगळं वाटेल.

दोष आहेत, तेही सांगते. मधला डोंगरावरचा भाग ताणलाय. तिथल्या मुलींना संमोहित करायचा प्रकार आज बघवत नाही. बाँड सर हिलरी ब्रे बनून वावरतो तेव्हाचा आवाज लॅझेन्बीचा नाहीच, जॉर्ज बेकरने डब केलाय, आणि ते इतकं लांब चालतं की नवीन बघणाऱ्याला वाटतं याला बोलता येत नाही. सुरुवातीच्या प्रसंगांत तो अवघडलेला दिसतो हेही खरं. पहिल्या तासात तुम्हाला दादाचं म्हणणं पटू शकतं. तरी बंद करू नका.

आता गेल्या वर्षीचं सांगते. दादाची मुलगी बारा वर्षांची झाली, तिला तो क्रमाने सगळे बाँड दाखवतोय. एके रात्री तिचा फोन आला, "आत्या, बाबा म्हणतो पिक्चर संपला, पण खाली तर पाच मिनिटं शिल्लक दिसतायत." मी विचारलं, बाबा कुठाय? म्हणाली, गाडी निघाल्यावर त्याने थांबवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलाय. मी तिला म्हटलं, पाच मिनिटं आहेत ती बघ, आणि मग बाबाजवळ जाऊन बस. तिने बघितली. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन, चिडलेला, पण यावेळी कॉनरीचं नाव काढलं नाही. मी विचारलं, तू स्वतः तो शेवट किती वेळा बघितलायस? म्हणाला, एकदा, रेकॉर्ड करत होतो त्या दिवशी. टेप संपली होती आणि टीव्ही चालू होता.

म्हणजे पंचवीस वर्षं माझ्याशी ज्या सीनवरून भांडला तो त्याने एकदाच बघितलाय, आणि दुसऱ्यांदा बघायची त्याची तयारी नाही. पुढच्या महिन्यात तो माझ्याकडे राहायला येतोय. डिस्क काढून ठेवलीय.