स्टेजचा रंग बेडवर नको, बाटलीतून घे

पहिल्यांदाच बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर उतरतोयस ना, मग अंग गडद करायला टॅनिंग बेडचा, म्हणजे अतिनील दिव्यांखाली झोपायच्या यंत्राचा, विचार सोड. त्यातली अतिनील किरणं पेशींतला डीएनए बिघडवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2009 मध्ये ही यंत्रं तंबाखूसोबत निश्चित कर्करोगकारक गटात टाकली. ‘आपण मुळातच सावळे, आपल्याला काय होतंय’ हा इंदुरी आत्मविश्वास इथे कामाचा नाही. टॅनच्या गोळ्याही नकोत, त्यातलं कॅन्थाझॅन्थिन हे रंगद्रव्य डोळ्याच्या पडद्यावर साचतं.

डीएचए (डायहायड्रॉक्सीॲसिटोन, त्वचा रंगवणारं रसायन) असलेलं लोशन घे. ते त्वचेच्या फक्त वरच्या मृत थराला रंगवतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 24 तास बघ. केस आदल्या दिवशीच काढ, नुकताच रेझर फिरवलेल्या त्वचेवर ठिपके उठतात. अंग घासून धू, पूर्ण कोरडं कर. तेल, डिओ काही नको. कोपर, गुडघे, घोटे जास्त रंग पितात, तिथे आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात फिरव. हातमोजे विसरलास तर तळवे नारिंगी! स्प्रे असेल तर नाक, डोळे, ओठ झाक. पुढचे 6-8 तास पाणी आणि घाम दोन्ही वर्ज्य, नाहीतर ओघळ दिसतील. म्हणजे त्या रात्री सराफ्यात, इंदूरच्या खाऊबाजारात, चक्कर रद्द. चादर जुनी अंथर. आणि हा रंग उन्हापासून वाचवत नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.