जपानला जाण्याआधी टेबल कोणते, ते ठरवा

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. आपली कन्या बारावीत आहे, पुण्यातील जिमखान्यात चार वर्षे स्नूकर खेळते, जपानी भाषेची एन-४ परीक्षा (पाच पातळ्यांपैकी खालून दुसरी) उत्तीर्ण झाली आहे, आणि जपानच्या बिलियर्ड्सपटू मासाको कात्सुरा यांच्याविषयी वाचल्यापासून जपानमध्ये व्यावसायिक बिलियर्ड्सपटू होण्याचा तिने ध्यास घेतला आहे. ‘यात पोट भरते का?’ हे विचारताना आपण उगाच संकोचला आहात. बापाने हाच प्रश्न आधी विचारायचा असतो.

तथापि त्याआधी खेळाचा घोळ मिटवू. आपल्याकडे बिलियर्ड्स म्हणजे पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली ज्यात जागतिक हौशी विजेते झाले तो, सहा पॉकेटांच्या टेबलावरचा खेळ. कात्सुरा ज्या थ्री-कुशन प्रकारासाठी ओळखल्या जातात, त्याच्या टेबलाला पॉकेटच नसते. चेंडू तीनच, आपल्या चेंडूने उरलेल्या दोघांनाही लागायचे, पण दुसऱ्याला लागण्यापूर्वी किमान तीनदा कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, स्पर्श झालेला असला पाहिजे, तेव्हा कुठे एक गुण पदरात पडतो. मोठ्या स्पर्धांमध्ये कापडाखालची दगडी पाटी तापवून ठेवतात, म्हणजे ओल धरत नाही आणि चेंडू मोकळा पळतो. कन्येचा स्नूकरमध्ये बसलेला हात येथे उपयोगी पडेल, परंतु कोन आणि फिरकी यांचा हिशेब तिला जवळजवळ मुळाक्षरांपासून शिकावा लागेल. त्या मानाने ‘पूल’ हा पॉकेटांच्या टेबलावरचा दुसरा खेळ तिला जवळचा वाटेल. त्यातही जपानचे ताकेशी ओकुमुरा (1994) आणि कुनिहिको ताकाहाशी (1998) नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचे जगज्जेते झाले आहेत. पूल आणि पॉकेटविरहित कॅरम बिलियर्ड्स यांच्या व्यावसायिक संघटना जपानमध्ये वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे ही निवड आधीच करावी लागते.

आता कात्सुरा यांच्याविषयी. त्यांचा जन्म 1913 मध्ये टोकियोत झाला. वडील लवकर वारल्यावर त्या थोरल्या बहिणीकडे राहू लागल्या. मेहुण्यांचे बिलियर्ड्स पार्लर होते आणि चौदाव्या वर्षी त्या तेथे कामाला लागल्या. पंधराव्या वर्षी त्यांनी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे किनरे मात्सुयामा यांच्यासारखा विजेता गुरू लाभला. 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे थ्री-कुशनच्या जागतिक स्पर्धेत उतरणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्या वेळी त्या सातव्या आल्या, तर 1954 मध्ये ब्यूनोस आयर्सला चौथ्या. जागतिक विजेतेपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही, तरीही अमेरिकेत लोक तिकीट काढून त्यांचे प्रदर्शनीय सामने पाहायला येत. जगज्जेतेपदाचा मान जपानी महिलेला पुढे ओरिए हिदा यांनी मिळवून दिला.

या चरित्रातली पार्लरमधली उमेदवारी कन्येच्या नजरेतून सुटली असावी, असे आपल्या पत्रावरून वाटते. आपल्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे: केवळ बक्षिसांच्या रकमेवर निभावणारे थोडे; बाकीच्यांचा संसार शिकवण्या, पार्लरमधील नोकरी आणि प्रायोजक यांच्या आधाराने चालतो. शिवाय विद्यार्थी व्हिसावर जपानमध्ये परवानगी घेऊनही सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांपेक्षा अधिक काम करता येत नाही, हे खर्चाचा हिशेब मांडताना ध्यानात ठेवावे.

माझा सल्ला असा: बारावीनंतर तिला पुण्यातच जपानी भाषेच्या पदवीला घालावे, कारण एन-२ (वरून दुसरी पातळी) झालेल्या मुलीला खेळात यश आले नाही तरी दुभाषी किंवा अनुवादक म्हणून चांगले काम मिळते. सोबत राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धा खेळत राहू द्याव्यात. आपल्याकडे तेल कंपन्या क्यू खेळांतील (बिलियर्ड्स, स्नूकर, पूल यांसारख्या काठीने खेळायच्या खेळांतील) गुणी खेळाडूंना नोकरी देतात, पंकज अडवाणी ओएनजीसीत आहेतच. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत तीन आठवडे जपानला पाठवून एखाद्या पार्लरमध्ये रोज सराव करू द्यावा आणि परतल्यावर थ्री-कुशन की पूल, हे तिलाच ठरवू द्यावे.

तोवर तिचा आजवरचा सर्वोच्च ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) आणि रोजच्या सरावाचे तास मला कळवावेत. पत्रात त्यांचा उल्लेख नाही.

आपला,
करिअर मार्गदर्शक