पदविकेपूर्वीची तयारी

प्रश्न : मुलाने मराठी माध्यमातून दहावी केली असून त्याला मेकॅनिकल डिप्लोमाला जायचे आहे. गणित बेताचेच आहे. त्याला पायाभूत वर्ग लावावा का?
– एक पालक, कळवा (ठाणे)

उत्तर : आधी त्याचे नेमके कोठे अडते ते पाहावे. पहिल्या वर्षी लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती असते. पण विद्यार्थी बहुधा त्याआधीच, म्हणजे अपूर्णांक, घातांक आणि सूत्राची फिरवाफिरव येथेच अडखळतात, आणि हे आठवी-नववीच्या पुस्तकांवरून घरीही पक्के करता येते. एककांकडे मात्र दुर्लक्ष नको. ०.१ मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या व्हर्नियर कॅलिपरवर (जाडी, व्यास मोजण्याचे उपकरण) मुख्य पट्टी २३ मिलिमीटर दाखवत असेल आणि व्हर्नियरची, म्हणजे सरकत्या छोट्या पट्टीची, सहावी रेघ मुख्य पट्टीवरील रेघेशी जुळत असेल, तर माप २३.६ मिलिमीटर येते. हे ज्याला उमगले, त्याला दशांश वेगळा शिकवावा लागत नाही. विज्ञानातील इंग्रजी संज्ञाही आतापासून वाचाव्यात. वर्ग लावायचाच असेल, तर हाताने आकृत्या काढून घेणारा निवडावा. केवळ बहुपर्यायी प्रश्न घोटून घेणारे वर्ग (ठाणे स्टेशन परिसरात त्यांच्या पाट्यांना तोटा नाही) त्याच्या उपयोगाचे नाहीत, कारण या तीन वर्षांच्या पदविकेचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, प्रवेश परीक्षेवर नव्हे.